स्वस्त मदरबोर्ड आणि जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम : एक ऐतिहासिक विचार

व्यक्तिगत संगणकाच्या इतिहासात प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. ज्या बोर्डावर हे सारे जडविलेले असते त्या मदरबोर्डाचा उल्लेख मात्र बहुधा ओझरताच येतो. आला तरी तो ‘महाग बोर्ड टिकाऊ, स्वस्त बोर्ड तकलादू’ एवढ्या ढोबळ विभागणीपुरता असतो. या विभागणीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु इ. स. १९८१ पासूनचा क्रम लक्षपूर्वक पाहिल्यास स्वस्त बोर्डाची खरी उणीव त्याच्या धातूपेक्षा त्याच्या कुलवृत्तान्तात अधिक आहे असे दिसून येते. बोर्डावर कोणती चिप बसविली आहे, ती कोणाची, तिच्यासाठी ड्रायव्हर कोणी लिहिला आणि तो किती वर्षे पुरविला, या प्रश्नांची उत्तरे ज्या बोर्डाबाबत मिळत नाहीत तो जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने परकाच राहतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला. त्याच्या तांत्रिक माहितीपुस्तकात मंडलांच्या आकृत्यांबरोबर बायॉसची संपूर्ण संहिताही छापलेली होती. बायॉस म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी आणि ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्रातील भागांपर्यंत पोहोचण्याची वाट करून देणारी आज्ञावली. ही संहिता वाचण्यास खुली होती, तिची नक्कल मात्र कायद्याने निषिद्ध होती. म्हणून ज्यांनी ती संहिता पाहिलेली नाही अशा प्रोग्रामरांकडून त्याच कामाचा नवा बायॉस लिहवून घेण्याचा मार्ग कॉम्पॅक कंपनीने अवलंबिला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आपला सुवाह्य संगणक जाहीर केला. इ. स. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असा बायॉस मागेल त्यास विकण्यास आरंभ केला. त्या काळी एखादे यंत्र आयबीएमशी सुसंगत आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्यावर ‘लोटस १-२-३’ आणि ‘फ्लाइट सिम्युलेटर’ चालवून पाहत. हे दोन्ही प्रोग्राम बायॉसला वगळून थेट यंत्राला हात घालीत, त्यामुळे बनावटीतील बारीक फरकही उघडा पडे. खुद्द डॉसच्या अपेक्षा मात्र माफक होत्या. बायॉसच्या मोजक्या सेवा मिळाल्या की तिचे भागे.

पुढे चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीने आयबीएमच्या एटी संगणकातील डझनावारी सुट्या चिपांचे काम मोजक्या चिपांच्या एका संचात आणले. ‘चिपसेट’ या वस्तूचा बाजार येथून सुरू होतो. चिपसेट आणि बायॉस दोन्ही विकत मिळू लागल्यावर मदरबोर्ड बनविणे हे संशोधनाचे काम न राहता जुळवणीचे झाले. तैवानातील गिगाबाइट, एमएसआय, एलिटग्रुप, आसुस या कंपन्या १९८६ ते १९८९ या अवघ्या चार वर्षांत उभ्या राहिल्या, हा योगायोग नव्हे. सर्वांचे बोर्ड जवळजवळ सारखेच झाल्यावर स्पर्धा किमतीवर येऊन ठेपणे अपरिहार्य होते.

या स्पर्धेने गाठलेली परिसीमा १९९५-९६ च्या सुमारास दिसते. तेव्हाच्या ४८६ बोर्डांवर प्रोसेसरच्या साहाय्यासाठी बहुधा २५६ किलोबाइटची कॅश मेमरी असे. पीसी चिप्स या उत्पादकाच्या काही बोर्डांवर, विशेषतः ‘एम९१९’ या बोर्डाच्या काही प्रतींवर, या जागी चिपच्या आकाराचे पोकळ प्लास्टिक बसविलेले आढळले. त्यावर ‘राइट बॅक’ अशी अक्षरे होती, आत सिलिकॉन नव्हते. बोर्डाचा बायॉसही असा बदललेला होता की, यंत्र सुरू होताना कॅश असल्याचे पडद्यावर उमटे. मेमरीचा वेग मोजणारे स्वतंत्र प्रोग्राम चालविल्यावरच हा प्रकार उजेडात आला.

ही लबाडी निंद्य खरीच. तथापि सुसंगतीच्या दृष्टीने तिच्याहून अधिक हानी एका वरकरणी निरुपद्रवी प्रकाराने केली. इंटेलचे ‘४३०व्हीएक्स’ आणि ‘४३०टीएक्स’ हे चिपसेट १९९६-९७ मध्ये लोकप्रिय होते. त्यांच्या नावांशी साम्य असलेली ‘व्हीएक्स प्रो’, ‘टीएक्स प्रो’ अशी नावे व्हिया, एएलआय व एसआयएस या कंपन्यांच्या चिपांवर छापून ते बोर्ड विकले गेले. मूळ चिपा वाईट नव्हत्या. परंतु २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ९५ ने बायॉसवर विसंबून राहण्याची डॉसची रीत बरीचशी सोडली होती व प्रत्येक भागासाठी ती स्वतःचा ड्रायव्हर मागत असे. चिपचे नावच खोटे असेल तर तो शोधावयाचा कोठे? इंटेलचा ड्रायव्हर त्या चिपेला लागू पडत नसे, आणि खरा उत्पादक कोण हे ग्राहकास ठाऊक नसे. बाहेरचा लेप खोटा असला तरी पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक चिपेत उत्पादकाचा क्रमांक कोरलेला असतो : एसआयएसचा १०३९, व्हियाचा ११०६, एएलआयचा १०बी९. तो वाचणारा प्रोग्राम हाती असल्यास सत्य कळे. बनावट ताम्रपटाचा काळ अक्षरवाटिकेवरून ओळखावा, तशातलाच हा प्रकार होय.

सर्व दोष अप्रसिद्ध उत्पादकांच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही. इंटेलच्या त्याच दोन चिपसेटांत काटकसर म्हणून केवळ पहिल्या ६४ मेगाबाइटांपुरतीच मेमरी कॅशच्या कक्षेत येई. विंडोज ९५ आणि ९८ मेमरीचा वापर वरच्या टोकाकडून सुरू करीत. परिणामी अधिक मेमरी घातल्यावर यंत्र मंद होई, आणि पैसे मोजून वेग गमावल्याचा अनुभव ग्राहकास येई. व्हियाच्या ‘६८६बी’ या चिपेचा दोष तर इ. स. २००१ मध्ये नामांकित कंपन्यांच्या बोर्डांवरही प्रकट झाला. मोठ्या फायली एका डिस्कवरून दुसरीवर नेताना, विशेषतः साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड बसविले असता, मजकूर बिघडे. त्यावरील उपाय बायॉसच्या नव्या आवृत्त्यांत, व्हियाच्या विंडोज ड्रायव्हरांत आणि लिनक्सच्या केर्नेलमध्येही आला. ज्या बोर्डासाठी नवा बायॉस कधी निघालाच नाही, त्याचा मालक ऑपरेटिंग सिस्टिमकडून होणाऱ्या उपचारावरच अवलंबून राहिला.

क्वचित दोष बोर्डाकडे नसून ऑपरेटिंग सिस्टिमकडे असे. एएमडीचा ‘के६-२’ हा प्रोसेसर मे १९९८ मध्ये आला आणि स्वस्त सॉकेट ७ बोर्डांवर त्याचा मोठा प्रसार झाला. त्याच्या ३५० मेगाहर्ट्‌झ व त्यापुढील वेगांवर विंडोज ९५ सुरू होताना मधूनच कोसळे. कारण मोठे उद्बोधक आहे. विंडोजमधील एक भाग ठरावीक फेऱ्या मारून लागलेला वेळ मोजीत असे; के६-२ त्या फेऱ्या इतक्या त्वरेने संपवी की मोजलेला वेळ शून्य निघे आणि शून्याने भागाकार करण्याचा प्रसंग ओढवे. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती पुरविली. इंटेलच्या प्रोसेसरांनी सुमारे २.१ गिगाहर्ट्‌झची मर्यादा ओलांडल्यावर त्याच जातीची अडचण विंडोज ९५ व विंडोज ९८ ची पहिली आवृत्ती यांच्या नेटवर्क विभागात पुन्हा उद्भवली. दरम्यान किती मालकांनी चांगले बोर्ड भंगारात काढले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

कपॅसिटर फुटण्याची साथ सर्वज्ञात असल्याने तिचा निर्देश पुरे. सुमारे १९९९ पासून पुढील काही वर्षांत सदोष विद्युत्‌द्रवामुळे कपॅसिटर फुगून गळत. डेलसारख्या कंपनीलाही २००५ मध्ये दुरुस्तीपोटी सुमारे ३० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. किमतीचे संरक्षण येथे पुरे पडले नाही. शिवाय कपॅसिटर बदलता येतो; न लिहिलेला ड्रायव्हर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मराठीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना एप्रिल १९९९ मधील आहे. त्या महिन्यात आलेला इंटेलचा ‘८१०’ हा चिपसेट स्वस्त संगणकांसाठीच योजलेला होता. चित्रदर्शनाची सोय त्याच्या आतच होती, आणि आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटांचा आधार त्यातून वगळण्यात आला होता. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या ‘पीसी ९९’ या नियमावलीचाही रोख तोच होता. डॉसच्या काळात भारतीय लिप्यांचे काम जिस्ट कार्डावर चाले. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले हे तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेले. कार्ड स्लॉटमध्ये बसविले की वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या इंग्रजी प्रोग्रामांच्याच पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. त्या सोयीवर मराठी याद्या आणि नोंदी तयार झाल्या. ज्या बोर्डावर आयएसए स्लॉट नाही त्यावर असे कार्ड बसत नाही, आणि कार्डाविना त्या डॉस प्रोग्रामाच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो इस्की संकेतांत असल्यास युनिकोडमध्ये आणता येतो. परंतु ते करण्याची निकड, जुना बोर्ड जळून त्याच्या जागी नवा आणावा लागेपर्यंत, कोणास जाणवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत जुळवून मिळणारे संगणक घेणाऱ्या कार्यालयांस स्वस्तातील नवा बोर्ड ही साधी दुरुस्ती वाटे. प्रत्यक्षात ते स्थलांतर असे.

स्वस्त बोर्डांनी जुन्याची वाट नेहमीच अडविली, असेही म्हणता येत नाही. इंटेलच्या २०१५ मधील स्कायलेक पिढीत यूएसबीची जुनी नियंत्रक व्यवस्था काढून टाकण्यात आली. विंडोज ७ च्या मूळ तबकडीत नव्या व्यवस्थेचा ड्रायव्हर नसल्याने प्रतिष्ठापनेच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड व माउस निश्चल होत. त्या पिढीतील सर्वांत स्वस्त ‘एच११०’ चिपसेटाच्या अनेक बोर्डांवर मात्र गोल पीएस/२ जोडणी कायम होती, आणि काहींवर सिरियल व पॅरलल पोर्टांच्या पिनाही होत्या. कारखान्यातील जुनी यंत्रे, वजनकाटे आणि पॅरलल पोर्टास लावावयाची प्रोग्रामांची कुलुपे यांचा ग्राहकवर्ग अद्याप शिल्लक असल्याने उत्पादकांनी ती ठेवली. चकचकीत महाग बोर्डांवरून ती आधीच नाहीशी झाली होती.

यानंतरची मर्यादा बोर्डाच्या किमतीवर अवलंबून नाही. बायॉसची जागा यूईएफआयने घेतल्यावरही जुन्या सेवा पुरविणारा ‘सीएसएम’ हा भाग अनेक वर्षे राखला गेला. २०२० पर्यंत तो वगळण्याचा मानस इंटेलने २०१७ मध्ये प्रकट केला. ज्या बोर्डात हा भाग नाही, त्यावर पीएस/२ कीबोर्ड जोडता आला तरी डॉस सुरू होत नाही. तिला अपेक्षित असलेल्या बायॉसच्या सेवाच तेथे उपलब्ध नसतात.