डोनट आणि देशांतर

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि सिंहासने हीच आमच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. कढईकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक कढईही पुष्कळ काही सांगते. आमच्या पानावरची जिलबीच पाहा. तिचे नाव अरबी ‘झलाबिया’वरून आलेले, पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी जुन्या ग्रंथांतून तिचा मागही काढला आहे. तथापि तिला परकी म्हणण्यास आज कोणी धजणार नाही. तळलेल्या पिठाच्या पदार्थांना देशांतराची ही खोडच आहे. अमेरिकेतील डोनट हे तिचे ठळक उदाहरण होय.

सतराव्या शतकात डच लोकांनी न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे हल्लीचे न्यूयॉर्क, वसविले. ‘ओलीकूक’, म्हणजे ‘तेलातला केक’, हा त्यांचा घरगुती पदार्थ. १६६४ साली इंग्रजांनी ते शहर घेतले. डचांची सत्ता गेली, पुढे भाषाही लोपली. कढई मात्र टिकली. वॉशिंग्टन आयर्व्हिंगने १८०९ साली न्यूयॉर्कचा जो विनोदी इतिहास लिहिला, त्यात डचांच्या मेजावरील या गोड गोळ्यांना त्याने ‘डोनट’ असेही म्हटले आहे.

गोळा जाड असला की बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो. मधोमध भोक पाडले म्हणजे आच सर्वत्र सारखी लागते. मेदुवड्याचे मर्मही हेच. हे भोक आपण १८४७ साली पाडले, असा मेन प्रांतातील हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाचा दावा होता.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, मुक्तिफौजेच्या हेलन पर्व्हिअन्स व मार्गारेट शेल्डन या दोघींनी फ्रान्समधील अमेरिकन सैनिकांकरिता डोनट तळले. लाटणे नव्हते, म्हणून दारूच्या बाटलीने पीठ लाटले. घरापासून हजारो मैल दूर चिखलात उभ्या असलेल्या शिपायास त्या एका घासात घर भेटत असले पाहिजे. डचांचा पदार्थ एव्हाना अमेरिकनांच्या घरची आठवण होऊन बसला होता!

१९७५ साली कंबोडिया ख्मेर रूजच्या हाती पडला, तेव्हा टेड न्गॉय हा गृहस्थ सहकुटुंब कॅलिफोर्नियात आश्रयास आला. डोनटचा धंदा शिकून १९७७ साली त्याने स्वतःचे दुकान घेतले, आणि मागाहून येणाऱ्या देशबांधवांस एकेक दुकान चालवावयास दिले. भांडवल बेताचे, इंग्रजी जेमतेम, परंतु रात्रभर राबणारे सारे कुटुंब. एवढ्यावर हा धंदा चालतो. पुढे जुगारापायी न्गॉयने आपले वैभव घालविले. पण त्याच्या मागून आलेली कुटुंबे त्या धंद्यात पाय रोवून राहिली.

हे लिहिताना आम्हांस फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांचे स्मरण होते. पापड आणि मिठाई विकून त्यांतील कित्येकांनी संसार पुन्हा उभे केले. त्यांचा पापड आम्ही आवडीने खाल्ला; त्यांना ‘आपले’ म्हणावयास मात्र आम्ही फार वेळ लावला. जिभेला जे सहज साधते ते मनाला का साधू नये, हा प्रश्न वाचकांनी पुढच्या वेळी जिलबी वाढताना स्वतःस अवश्य विचारावा.