प्रेस (मराठीतील शब्द)

'प्रेस' हा इंग्रजीतून मराठीत आलेला आणि दैनंदिन व्यवहारात रुळलेला शब्द आहे. कपड्यांना इस्त्री करणे, छापखाना, वृत्तपत्रसृष्टी आणि कापसाच्या गाठी बांधण्याचे यंत्र असे त्याचे चार प्रमुख अर्थ आहेत. वरवर पाहता ते परस्परांशी असंबद्ध वाटतात. परंतु 'दाबणे' ही एकच क्रिया या सर्वांच्या मुळाशी आहे.

व्युत्पत्ती व व्याकरण

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. 'प्रेमेरे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ दाबणे असा होतो. मराठीत नित्य वापरले जाणारे प्रेशर (कुकर), एक्सप्रेस (गाडी) आणि इम्प्रेशन हे शब्दही याच कुळातील आहेत.

मराठीत 'प्रेस' हे नाम म्हणून येते. क्रिया दाखवण्यासाठी त्याला 'करणे' जोडले जाते. त्याचे लिंग मात्र स्थिर नाही. छापखाना या अर्थी 'प्रेस काढला' आणि 'प्रेस काढली' असे दोन्ही प्रयोग आढळतात. 'मंत्र्यांनी प्रेस घेतली' या बोलीतील वाक्यात पत्रकार परिषद हा अर्थ असून तेथे शब्द स्त्रीलिंगी आहे.

इस्त्री या अर्थाने

सुती कापड धुऊन वाळवले की त्यावर सुरकुत्या पडतात. कापसाच्या तंतूंतील सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात आणि कापड वाळताना हे बंध वेड्यावाकड्या स्थितीत पुन्हा जुळतात. उष्णता आणि ओलावा मिळताच ते सैल होतात, दाबामुळे तंतू सरळ होतात आणि कापड थंड झाल्यावर त्याच स्थितीत राहतात. इस्त्री करण्यापूर्वी कपड्यावर पाणी शिंपडतात, त्याचे कारण हेच. सुती कापडाला जास्त उष्णता चालते. रेशीम व नायलॉन यांना कमी लागते.

पूर्वी निखारे भरलेली, पितळी किंवा लोखंडी बनावटीची इस्त्री वापरली जात असे. विजेवर चालणाऱ्या इस्त्रीचे एकस्व हेन्री सीली यांनी १८८२ साली न्यूयॉर्क येथे मिळवले. पुढे वाफेची इस्त्री आली आणि दुकानांच्या पाट्यांवर 'स्टीम प्रेस' हे शब्द दिसू लागले.

या एका कामासाठी मराठीत तीन शब्द नांदतात. 'परीटघडी' हा शब्द बलुतेदार परिटाच्या नावावरून आला. 'इस्त्री' हा शब्द 'ताणणे' या अर्थाच्या 'एस्तिरार' या पोर्तुगीज क्रियापदापासून आल्याचे मानले जाते. चावी, बादली, पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. उच्चारसाम्य असले तरी 'इस्त्री'चा 'स्त्री' या शब्दाशी संबंध नाही. 'प्रेस' हा या तिघांतील सर्वांत अलीकडचा शब्द होय.

हे तिन्ही शब्द पूर्णपणे समानार्थी नाहीत. 'इस्त्री' म्हणजे साधनही आणि क्रियाही. 'प्रेस करणे' ही बहुधा केवळ क्रिया असते. 'इस्त्री तापली' असे म्हणतात, 'प्रेस तापली' असे सहसा म्हणत नाहीत. लाक्षणिक अर्थही जुन्या दोन शब्दांनाच लाभले आहेत. 'कडक इस्त्रीतला पुढारी' किंवा 'परीटघडीचा समाजसेवक' असे म्हटले की कष्टांपासून दूर राहणारा मनुष्य सूचित होतो. 'प्रेस केलेला पुढारी' असे कोणी म्हणत नाही. परीट कुटुंबात जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा पत्करला, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

छापखाना व वृत्तपत्रे

युरोपात योहानेस गुटेनबर्ग यांनी पंधराव्या शतकाच्या मध्यास वापरलेले मुद्रणयंत्र द्राक्षे दाबण्याच्या स्क्रूच्या यंत्रासारखे होते. म्हणून त्यालाही 'प्रेस' हेच नाव पडले. भारतात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेला 'निर्णयसागर प्रेस' संस्कृत व मराठी ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी ख्यातनाम झाला. नाशिकरोड परिसरात 'प्रेसमध्ये नोकरी' म्हणजे नोटा किंवा मुद्रांक छापणाऱ्या सरकारी मुद्रणालयातील नोकरी.

यंत्राचे नाव पुढे त्यावर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांना व पत्रकारांना मिळाले. हे दोन अर्थ किती निगडित आहेत, हे १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यावरून कळते. लॉर्ड लिटन यांच्या काळातील या कायद्याने देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून जातमुचलका व अनामत मागण्याचा आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. यंत्र थांबवले की मतही थांबते, हे त्यामागचे गृहीतक होते. स्वतंत्र भारताच्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. ते अनुच्छेद १९ (१) (क) मधील भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यात अंतर्भूत मानले जाते.

कापसाची प्रेस

परभणी जिल्ह्यातील पाथरी, मानवत, सेलू या कापूस पिकवणाऱ्या भागात 'जिनिंग-प्रेसिंग' हा जोडशब्द शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. प्रेसमध्ये उरलेली रुई दाबून तिच्या सुमारे १७० किलो वजनाच्या गाठी बांधतात. अशा रीतीने त्याच परिसरात रुईची गाठ, लग्नपत्रिका आणि धुतलेला सदरा या तिन्ही वस्तू 'प्रेस'मधून निघतात.

पर्यायी शब्द

लेखनात संदिग्धता टाळण्यासाठी अर्थानुसार पर्याय योजणे इष्ट ठरते: कपड्यांसाठी इस्त्री, छपाईसाठी छापखाना किंवा मुद्रणालय, बातमीच्या क्षेत्रासाठी वृत्तपत्रे किंवा पत्रकार, 'प्रेस कॉन्फरन्स'साठी पत्रकार परिषद, 'प्रेस नोट'साठी प्रसिद्धिपत्रक. 'बटण प्रेस करा' याऐवजी 'बटण दाबा' हे अधिक सुबोध आहे. 'प्रेस बटणा'ला तर 'टिचबटण' हा नेमका मराठी शब्द आहे. 'तो प्रेसमध्ये आहे' या वाक्यातील मनुष्य जुळारी, पत्रकार की गाठी बांधणारा कामगार, हे मात्र संदर्भावाचून सांगता येत नाही.