आपल्या वर्गातील पुस्तकांचे कपाट



सातवी-आठवीत आपल्या वर्गातील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. म्हणून स्मरणिकेत त्या कपाटाबद्दल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कपाटाचा इतिहास लिहायचा तर माझी एक चूकही लिहावी लागेल. ती शेवटी सांगतो.

काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. संत्र्याच्या हंगामात काटोलहून ट्रक भरभरून माल बाहेर जाई. पण गोष्टीचे पुस्तक विकत घ्यायचे तर नागपूर गाठावे लागे. तेवढ्यासाठी नागपूरला कोण नेणार? त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचे पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन या एका लोखंडी कपाटातून झाले.

कपाटात तीन पिढ्यांची पुस्तके होती. सगळ्यात वर 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. हे पुस्तक मुलांच्या हाती बहुधा वडीलधारी माणसेच देत. वाचताना आपण रडलो, पण ते वाचायलाच हवे हे आधी ठरलेले असे.

खालच्या फळीवर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि मासिकांचे गठ्ठे. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत येत होता. राजा, राक्षस आणि वेताळ भेटायचे ते त्यात. 'किशोर' त्या मानाने नवा. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या 'बालभारती'नेच नोव्हेंबर १९७१ मध्ये तो सुरू केला. ज्या संस्थेचे पुस्तक परीक्षेसाठी पाठ करायचे, तिचेच मासिक परीक्षेशिवाय वाचायला मिळते, याचे मला तेव्हा मोठे नवल वाटे.

तिसरी फळी मात्र कायम रिकामी दिसे, कारण तिथली पुस्तके कधी जागेवर नसतच. ती होती भा. रा. भागवतांची. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' हे मासिक काढले होते. पैशांची ओढाताण होऊन काही वर्षांनी ते बंद पडले, पण मुलांसाठी लिहिणे त्यांनी सोडले नाही. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा त्यांनी मराठीत आणल्या आणि बनेश उर्फ फास्टर फेणे हा नायक दिला. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या शाळेत जातो आणि सायकलवरून चोरांचा माग काढतो. आपण कोणी पुणे पाहिले नव्हते. तरी गावाकडचा पोरगा मोठ्या शहरात भारी पडतो, एवढे काटोलच्या पोट्ट्यांना पुरेसे होते. ही पुस्तके कोणा मोठ्या माणसाने सुचवली नाहीत. मधल्या सुट्टीत एक पोट्टा दुसऱ्याला सांगे, "हे वाच बे," आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रांग लागे.

या कपाटाला आपल्या मराठीच्या सरांचा एक नियम होता. पुस्तक देताना ते म्हणत, "वाचून पाहा. नाही आवडलं तर उद्याच परत आण. पण का नाही आवडलं, ते लिही." त्यासाठी नोंदवहीत 'शेरा' हा रकाना होता. एकाने लिहिले होते, "यात सारखा पाऊस पडतो." सर रागावले नाहीत. त्यांनी तो शेरा वाचला आणि त्या मुलाला व्हर्नचे पुस्तक काढून दिले. पुस्तक सुचवणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

आता चूक. मुलींच्या रांगेतील एकीने एकदा माझ्याकडे 'फास्टर फेणे' मागितले. मी म्हणालो, "ते मुलांचं आहे," आणि न विचारता 'श्यामची आई' तिच्यापुढे ठेवले. तिने ते नेले, वेळेवर परत केले. शेऱ्याचा रकाना कोरा. त्यानंतर नोंदवहीत तिचे नाव आले नाही. मला वाटले, तिला वाचनाची आवड नसावी.

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत ती भेटली. चहा घेता घेता सहज म्हणाली, "तुम्ही मले ते पुस्तक देल्लं नव्हतं, आठवते का? 'श्यामची आई' तं माह्या घरीच होती." ती हसली. मला हसता आले नाही.

श्याम, गोट्या, बनेश. आपल्या कपाटातील नायक बहुतेक मुलगेच होते, हे इतक्या वर्षांनी माझ्या लक्षात आले. लिहिणाऱ्यांकडून जी जागा राहून गेली, ती मी किल्ली हातात असून आणखी अडवून धरली. एक वाचक माझ्यामुळे कपाटापासून दूर गेली. या स्मरणिकेतून तिची जाहीर माफी मागतो.

२०१७ साली फास्टर फेणेवर चित्रपट आला, तेव्हा मी मुलांना हौसेने घेऊन गेलो आणि घरी आल्यावर जुनी पुस्तके त्यांच्यापुढे ठेवली. मुलाने चार पाने वाचून बाजूला सारली. मुलगी मात्र रात्री उशिरापर्यंत वाचत होती. मी अंदाज बांधला होता तो नेमका उलटा.

मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेला कपाट द्यावे, अशी सूचना आली आहे. जरूर द्यावे. 'किशोर'चे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात, तेव्हा पैसे नव्या पुस्तकांवर खर्च करू. ज्यांत मुली सायकल हाणतात, अशीही पुस्तके त्यात असोत. सोबत एक नोंदवही ठेवू आणि तीत शेऱ्याचा रकाना आखू. किल्ली कोणाकडे द्यायची ते शाळेने ठरवावे. पहिले पुस्तक कोणते घ्यायचे, ते मात्र आपल्या त्या मैत्रिणीला विचारू.