बालेवाडीतला त्रेझेगे

२००६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना म्हटलं की आपल्याकडे बोलणं झिदानच्या लाल कार्डापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. अल्जेरियातून आलेल्या आईबापांचा मुलगा, आपल्या मोहल्ल्यांचा लाडका, मान खाली घालून चषकाच्या बाजूने निघून गेला. पण फ्रान्स हरला तो त्यानंतर, पेनल्टी शूटआउटमध्ये. एकच पेनल्टी हुकली, ती डेव्हिड त्रेझेगेची. चेंडू आडव्या खांबाला लागला.

हाच त्रेझेगे आठ वर्षांनी आपल्या पुण्यात खेळला. जांब्याकडून मारुंजी, हिंजवडी ओलांडून शहराकडे निघालं की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. २०१४ मध्ये पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये ते एफसी पुणे सिटीचं घरचं मैदान होतं. संघाचा पहिला सामना १४ ऑक्टोबरला दिल्लीत झाला, गोलशून्य. दुसऱ्याच दिवशी त्रेझेगेला ३७ वर्षं पूर्ण झाली.

युव्हेंटससाठी १७१ गोल करणारा हा माणूस, दोन सामन्यांत पुण्याच्या नावावर एकही गोल नाही, आणि दुसऱ्या सामन्यात तर मुंबईने पाच घातले. लोक म्हणाले, म्हातारा झाला, पैशासाठी आलाय. मला हे अर्धवट वाटतं. तरुणपणीही त्रेझेगे चार जणांना चकवत पळणारा खेळाडू नव्हताच. गोलपुढच्या चौकटीत योग्य क्षणी योग्य जागी असणं आणि एकाच स्पर्शात चेंडू जाळ्यात धाडणं, ही त्याची विद्या. २००० च्या युरो अंतिम सामन्यातला त्याचा गोल्डन गोल असाच होता : डावीकडून पिरेसचा पास, आणि चेंडू जमिनीवर पडण्याआधीच फटका. ही विद्या वयाने लवकर जात नाही. पण तिला पिरेस लागतो, नेदवेद लागतो. तगड्या संघासमोर चेंडू चौकटीपर्यंत पोहोचतच नाही, मग असा खेळाडू प्रेक्षकच बनतो. पूर्वी पाय वेगवान होते तेव्हा थोडं तरी निभायचं.

गोव्याला पुण्याने २-० हरवलं, तेव्हा त्याचा गोल आला. केरळविरुद्ध बालेवाडीत आणखी एक, पण तो सामना पुणे हरलं. हंगामात एवढे दोनच.

२०१६ मध्ये मुंबईला दिएगो फोर्लान आला, तोही ३७ चा. तो मात्र मागे येऊन चेंडू स्वतः मिळवायचा, त्यामुळे केरळविरुद्ध तीन गोल करून गेला. उपांत्य फेरीत कोलकात्यासमोर गाठ पडली आणि पहिल्याच सामन्यात दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर. परतीचा सामना त्याच्याविना ०-० राहिला, मुंबईची वाट संपली.

त्रेझेगेने जानेवारी २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. शेवटचा क्लब म्हणून त्याच्या नावापुढे पुणे लागलं ते कायमचं. क्लब मात्र २०१९ मध्ये बंद पडला.