उंबरठ्याच्या आतले पिल्लू

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण सहज म्हणून जातो. शेपटापुरते ते खरे असेल. पण कुत्र्याच्या सवयींना ही म्हण मुळीच लागू पडत नाही. घरात नवे पिल्लू येते, दिवसातून चारदा फरशी ओली करते, आणि मग याच म्हणीच्या जोरावर त्याच्यावर हात उगारला जातो. वाचकहो, हात उगारण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू या.

माणसाची आणि कुत्र्याची सोबत फार जुनी. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका दफनात माणसांच्या हाडांबरोबर एका पिल्लाची हाडे सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. दातांवरच्या खुणांवरून संशोधक सांगतात, की हे पिल्लू कित्येक आठवडे आजारी होते. माणसांनी शुश्रूषा केली नसती तर ते तेवढे जगलेच नसते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या दूर कशाला जायचं? बरं, मग आपल्या शेजारीच पाहा. गोदावरीपलीकडे, प्रवरेच्या काठी दायमाबाद हे गाव आहे. तिथे १९७४ साली ब्राँझची चार शिल्पे मिळाली. त्यांत दोन बैलांचा एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि पुढच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा! अनेक संशोधक ही शिल्पे इ. स. पूर्व २००० च्या आसपासची मानतात. काहींच्या मते ती नंतरची आहेत. काही असो, कारागिराला कुत्र्यावाचून रथ पुरा वाटला नाही, हे खरे.

पण हा कुत्रा राहात होता कुठे? आपल्याकडे त्याची जागा शेतावर, मेंढरांच्या कळपाबरोबर, नाहीतर अंगणात. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. इथल्या जुन्या वाड्यांना चौक होते, ओसऱ्या होत्या. भाकरीचा तुकडा ओसरीवरून पडायचा आणि कुत्रा तो अंगणात झेलायचा. उंबरठा ओलांडायची वेळच येत नसे. मग घर घाण होण्याचा प्रश्न तरी कुठून येणार? इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांत कुत्री आत आली, पण त्यांना फिरवायला वेगळा नोकर असे. त्याला ‘डोरिया’ म्हणत, म्हणजे दोर धरणारा.

पुढे १९७० नंतर सिडकोची वसाहत उभी राहिली. आधी बैठी घरे झाली, मग मजले चढले. अंगण गेले, डोरिया तर नव्हताच. पिल्लू मात्र थेट दिवाणखान्यात आले. तेव्हा ही अडचण पिल्लाने आणलेली नाही. आपली घरे बदलली म्हणून ती आली.

यातून मार्ग कसा काढायचा? गंमत अशी, की अर्धे काम निसर्गानेच करून ठेवले आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे पिल्लांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले, की निजायची जागा सोडून बाजूला जाऊ लागते. आणि साडेआठ आठवड्यांच्या सुमारास ठराविक जागा धरते. म्हणजे स्वच्छतेची ओढ त्याला मुळातच असते. जागा कोणती, एवढेच आपण दाखवायचे.

म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला त्याच एका जागी न्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरवत नाही, हे लक्षात असू द्या. रात्रीही एकदा उठावे लागेल. लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांचा वावर असलेली जागा टाळा. तोवर गच्चीत वर्तमानपत्र पसरले तरी चालते. काम झाले, की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्या. पाच मिनिटांनी दिलेला खाऊ कशासाठी, ते त्याला समजत नाही. घरात चूक झालीच, तर डाग असा पुसा, की वास राहू नये. कारण वास राहिला, की पिल्लू पुन्हा तिथेच येते.

आणि नाक घासणे, चापट मारणे? त्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर हे करायचे नाही. मग ते पलंगाखाली जाते आणि आपण त्याला लबाड ठरवतो.

काही आठवड्यांचाच हा प्रश्न. पण तेवढा धीर न धरल्यामुळे कित्येक पिल्लांना कुठल्यातरी रस्त्यावर सोडून दिले जाते. प्राण्याला असे उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड मात्र त्यात पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपयांचाच लिहिलेला! तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नका. पिल्लू आणण्याआधी घरच्यांना एकदा विचारा: पहाटे पाच वाजता कोण उठणार? उत्तर मिळाले, तरच ते उंबरठ्याच्या आत आणा.