क्युबा, ‘प्रावदा’ आणि १९६२ चा नोव्हेंबर

हिंगण्याच्या ज्या माळाला पुढे कर्वेनगर हे नाव मिळाले, त्या नावाचे धनी महर्षी कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात निवर्तले. दोनच दिवस आधी, चीनशी युद्ध चालू असताना, संरक्षण खाते सांभाळलेल्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले होते. २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे मराठी माणसाला पाठ आहे. त्या कथेत क्युबा नसतो. त्या वेळच्या कागदपत्रांत तो आहे.

क्युबात १ जानेवारी १९५९ ला हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि सत्ता कास्त्रोंच्या हाती आली. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने पाठवलेल्या निर्वासितांच्या फौजेचा पिग्जच्या आखातात फज्जा उडाला, आणि हे बेट मॉस्कोच्या आणखी जवळ गेले. १९६२ मध्ये तिथे सोव्हिएत क्षेपणास्त्रे उतरली. २२ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सागरी नाकेबंदी जाहीर केली.

चीनने आपल्यावर हल्ला केला तो २० ऑक्टोबरला. त्यामुळे चीनने क्युबाची संधी साधली, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. केनेडींच्या भाषणाच्या दोन दिवस आधीच चिनी फौजा सीमेवरची नामका चू नदी ओलांडून आल्या होत्या. नुसत्या तारखा जवळ असल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

क्युबाचा हात दिसतो तो मॉस्कोच्या भूमिकेत. ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या २५ ऑक्टोबरच्या अग्रलेखाने चीनचा तहाचा प्रस्ताव उचलून धरला आणि भारत-चीन सीमेवरच्या मॅकमहोन रेषेला ब्रिटिश साम्राज्यवादाचा वारसा ठरवले. अमेरिकेशी अणुयुद्धाची वेळ आलेली असताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना चीनला दुखवणे परवडणारे नव्हते. २८ ऑक्टोबरला त्यांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य केले. ५ नोव्हेंबरच्या ‘प्रावदा’त चीनची ती बाजू घेतलेली नाही, सूर तटस्थ आहे.

या दोन अग्रलेखांच्या मधला एक कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेचा १ नोव्हेंबरचा ठराव. पक्षाचे अध्यक्ष होते गिरणी कामगारांचे श्रीपाद अमृत डांगे. ठरावाने चीनला आक्रमक म्हटले, नेहरूंना पाठिंबा दिला, आणि व्यापारी तत्त्वावर कोणत्याही देशाकडून शस्त्रे घ्यायला हरकत नाही, असेही म्हटले. डांगे मॉस्कोच्या तालावर नाचतात, असा आरोप करणाऱ्यांनी तारीख पाहावी: मॉस्कोचा सूर बदलायला अजून चार दिवस होते.

इकडे कास्त्रो चिडलेले. ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना न विचारताच तडजोड केली होती. संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांट ३० ऑक्टोबरला हवानात गेले. सोबत त्यांचे लष्करी सल्लागार, आपले इंदरजित रिख्ये होते. क्युबाच्या भूमीवर तपासणी होऊ देणार नाही, यावर कास्त्रो अडून राहिले. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने परत जाऊ द्यायला ते १९ नोव्हेंबरला राजी झाले.

त्याच १९ तारखेला नेहरूंनी केनेडींना दोन पत्रे पाठवली. त्यांत लढाऊ विमानांची किमान १२ स्क्वॉड्रन मागितली होती. ज्यांनी अलिप्ततेचा पुकारा केला, त्यांची ही पत्रे वाचताना आजही अवघडायला होते. २० तारखेला केनेडींनी क्युबाची नाकेबंदी उठवली; त्याच रात्री चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मुंबईत त्याच दिवशी चव्हाणांच्या जागी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले होते.

मेनन क्युबामुळे गेले, असे मात्र म्हणता येणार नाही; सैन्याची हलाखी आणि स्वपक्षीयांचा रोष त्यांना पुरेसा होता. मॉस्कोशी पुन्हा सूत जुळले. १९६४ मध्ये चव्हाण स्वतः तिथे जाऊन आले, आणि सोव्हिएत मिग विमानांचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. त्याच नाशिकमधून १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध लोकसभेवर गेले होते.