उल्हास खोऱ्यातील हिवाळी जत्रा : एक धावता इतिहास

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावाच्या एकजुटीने होत आहे. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत देवस्थानाची हकिकत, देणगीदारांची नामावली आणि कार्यकर्त्यांच्या श्रमांची नोंद असणारच. परंतु देऊळ म्हणजे केवळ दगड, चुना आणि कळस नव्हे. देवळाभोवती शेती असते, नदी असते, पंचांग असते, आणि त्या पंचांगाच्या आधाराने चालणारा माणसांचा राबता असतो. पालेगाव परिसरातील व एकूणच उल्हास खोऱ्यातील हा राबता पूर्वापार हिवाळ्यात चालत आला. मार्गशीर्ष उजाडला की जत्रा सुरू व्हायच्या त्या थेट शिमग्यापर्यंत. त्या जत्रांचा हा धावता इतिहास ग्रामस्थ बंधुभगिनींपुढे, आणि अलीकडे आपल्या शिवारात राहावयास आलेल्या नव्या शेजाऱ्यांपुढेही, ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नदी आणि तिचे ऋतू

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगराजवळ सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत ती कल्याणकडे येते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बारवी, काळू, भातसा या नद्यांचे पाणी तिला मिळते. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी आपली वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरमार्गे जाऊन कल्याणपाशी उल्हासला मिळते. १९४९ साली वसलेल्या उल्हासनगराने तर आपले नावच या नदीवरून घेतले.

पावसाळ्यात ही नदी कोणाचे ऐकत नाही. २६ जुलै २००५ चा महापूर अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. लोहमार्ग, पूल आणि दूरध्वनी असतानाची ही कथा. मग ज्या काळी नदी ओलांडावयास उतार किंवा होडी यांखेरीज दुसरे साधन नव्हते, त्या काळी चार महिने गावोगावचा संबंध जवळपास तुटत असे, हे सांगावयास नको. आपल्या भागात आगगाडी आली ती १८५६ साली, कल्याणपासून खोपोलीकडे मार्ग सुरू झाला तेव्हा. त्यानंतरही आतल्या गावांचे दळणवळण कित्येक वर्षे बैलगाडीवर आणि पायांवरच चालले.

दिवाळीनंतर मात्र नदीचे रूप पालटते. पाणी उताराजोगे होते, चिखलाच्या वाटा कोरड्या पडतात, शेतांतून गाडीवाट मोकळी होते. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. घाटमाथ्यावरील धरणाचे पाणी वीज निर्माण करून उल्हासच्या पात्रात येऊ लागले आणि इतर नद्या आटल्या तरी उल्हास वाहती राहू लागली.

खळे, खावटी आणि यात्रा

आपला मुलूख भाताचा. आश्विनाच्या अखेरीपासून कापणी, मग भारे वाहणे, झोडणी-मळणी, पेंढ्याची उडवी रचणे ही कामे उरकेपर्यंत शेतकऱ्यास मान वर करावयास फुरसत नसे. त्याच सुमारास माळावरचे गवत कापावयास येई. ठाणे जिल्ह्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांना आणि घोडागाड्यांना पुरविले जाई आणि त्यातून रोख पैसा हाती पडे. भाताच्या खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल टाकला जाई. ही कामे आटोपली की घरात धान्य, हाती थोडा पैसा आणि अंगणात विश्रांती घेणारे बैल अशी स्थिती असे. वर्षातून एकदाच येणारी ही सवड होती, म्हणून जत्रा हिवाळ्यात आल्या.

परंतु धान्य घरात आले म्हणजे ते सगळे आपलेच झाले असे नव्हे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की गरीब शेतकरी खावटी उचलीत असे. घेतलेले भात सुगीला वाढीव मापाने फेडावे लागे. सावकार खळ्यावरच येऊन उभा राही. अशा वर्षी जत्रेला गाडी जुंपावयाची की नाही, हे खळ्यावर काय उरले त्यावर ठरे. ज्या घरची गाडी जत्रेला गेली नाही, त्या घरचे वर्ष कसे गेले हे गावाला न सांगता कळे.

याच काळात पोरासोरांची मौज म्हणजे पोपटी. शेतातल्या वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने मडक्याचे तोंड गच्च बंद करावयाचे, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करावयाचा. मीठ आणि ओवा एवढाच मसाला. आज पोपटीत कोंबडी आणि अंडीही घालतात. परंतु तिचा मूळ जीव वालाची शेंग आणि भांबुर्डीचा वास यांतच आहे.

पंचांगाचा क्रम

आता जत्रांचा क्रम पाहू. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. त्या दिवशी खंडोबाच्या ठाण्यांवर भंडारा उधळला जातो. त्याच महिन्याच्या पौर्णिमेला दत्तजयंती. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील म्हसोबाची यात्रा. माघ शुद्ध चतुर्थीला काळू नदीकाठच्या टिटवाळ्यास गणेशजयंती. माघ पौर्णिमेला मलंगगड. माघ वद्य चतुर्दशीला अंबरनाथची महाशिवरात्र. आणि फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटली की हंगाम संपला. यांपैकी बऱ्याच तिथी पौर्णिमेच्या आहेत हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धर्मशास्त्राची कारणे असोत, पण रात्रीच्या थंड हवेत, चांदण्यात बैल हाकीत जाणाऱ्या गाडीवानाला पौर्णिमा फार सोयीची होती यात शंका नाही.

यांत म्हशाची यात्रा ही खऱ्या अर्थाने शेतकऱ्याची. तिचा बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घाटावरचे व्यापारी जनावरे आणि घोंगड्या घेऊन खाली उतरत. कोकणातले शेतकरी पुढल्या हंगामासाठी बैल पारखीत. दात पाहणे, खांदा पाहणे, चाल पाहणे, उपरण्याखाली बोटे दाबून किंमत ठरविणे असे हे व्यवहार चालत. बैलाबरोबर नांगराचे फाळ, दोर, टोपल्या, भांडी, घोंगडी आणि घरी वाट पाहणाऱ्यांसाठी खाऊ अशी वर्षाची खरेदी तेथे होई. दुसरा एक व्यवहार उघडपणे बोलला जात नसे, तो सोयरिकीचा. चार तालुक्यांची माणसे एकाच माळावर जमत, पाहुण्यांची गाठ पडे, मुलगा-मुलगी सुचविली जाई, आणि माघ-फाल्गुनात मांडव पडत.

मलंगगडाच्या यात्रेचे वैशिष्ट्य निराळे. कोणी श्रीमलंग म्हणतो, कोणी हाजीमलंग. कोणी तेथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानतो, कोणी बाबांचा दर्गा. नावावरून वाद झाले आणि ते कचेरीपर्यंतही गेले. तरीही माघ पौर्णिमेला हिंदू आणि मुसलमान दोघेही तो अवघड चढ चढत आले आहेत. आपल्या खोऱ्यातून कोठूनही मान वर केली की दिसणारा हा डोंगर कोणा एकाचा झाला नाही, ही या मुलखाची जुनी शिकवण आहे.

अंबरनाथची शिवरात्र ही आपल्या घरचीच यात्रा. मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या कारकिर्दीत आरंभ झालेले काम मुम्मुणिराजाच्या वेळी पूर्ण झाले असे अभ्यासक मानतात. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते आणि गाभारा वरून आकाशास खुला आहे. या मंदिराला ९६० हून अधिक वर्षे झाली. शिलाहार गेले, यादव गेले, नंतरच्या सत्ता आल्या आणि गेल्या. राजाश्रय केव्हाच संपला, तरी शिवरात्रीची रांग संपली नाही. देऊळ बांधावयास राजे लागले, पण ते जिवंत ठेवले ते आसपासच्या गावांनी. आपल्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद करणे अगत्याचे आहे. हिवाळा सर्वांसाठी सवडीचा नव्हता. डोंगरकपारीतील कातकरी बांधवांपैकी कित्येक कुटुंबे याच दिवसांत कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मुलाबाळांसह निघून जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. आजही वीटभट्टीवरचे हे जाणे-येणे थांबलेले नाही. गावाच्या जत्रेचा इतिहास लिहिताना, जे जत्रेला येऊ शकले नाहीत त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

सिद्धगडची पहाट

आपल्या हिवाळी पंचांगात एक तारीख इंग्रजी महिन्याची आहे. ती म्हणजे २ जानेवारी. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी कर्जत-मुरबाड भागातील शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या चालविल्या. खावटीच्या जाचातून गरिबाला सोडवावे हा धान्यकोठ्यांचा उद्देश होता. १९४२ च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि विजेचे मनोरे पाडून कारखान्यांचा वीजपुरवठा तोडला. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील त्या ठिकाणी हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी खोऱ्यातील माणसे थंडीत डोंगराकडे जातात आणि हुतात्म्यांना वंदन करतात. हीदेखील एक यात्राच होय. येथे नवस नाही, बाजार नाही. पण खळ्यावरच्या धान्यावर कष्टकऱ्याचा हक्क असावा म्हणून झटलेल्या माणसाचे स्मरण सुगीनंतरच व्हावे, हा योगायोगही बोलका आहे.

पालटलेला काळ

स्वातंत्र्यानंतर या भागाचे रूप झपाट्याने पालटले. अंबरनाथ-बदलापूर येथे कारखाने आले, औद्योगिक वसाहत आली, तिच्या पाण्यासाठी बारवीचे धरण झाले. शेतकऱ्याचा मुलगा पाळीला जाऊ लागला आणि त्याची सवड पंचांगाऐवजी कारखान्याच्या सुटीवर ठरू लागली. त्यानंतर इमारती आल्या. जेथे वालाची फुले दिसत तेथे आज सदनिका आहेत. यात खेद मानावयाचा तर विचारपूर्वक मानला पाहिजे. कारखान्याच्या पगाराने अनेक घरे सावकाराच्या दारातून सुटली, मुले शिकली, हेही तितकेच खरे आहे.

बैलांचेही तसेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडी शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा मान्य केला. शर्यत पुन्हा आली, परंतु नांगराचा बैल आला नाही. शौकासाठी पाळलेला बैल आणि पोटासाठी पाळलेला बैल यांत फरक आहे.

सर्वांत मोठी हानी झाली ती नदीची. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन सोडले गेले, त्याची विषारी वाफ उल्हासनगरच्या वस्तीत पसरली आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. वालधुनी आणि उल्हास यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. ज्या ऋतूत नदी सर्वांत निवळ व्हावयाची, ज्या दिवसांत तिच्या काठाने गाड्या जत्रेला जावयाच्या, त्याच दिवसांत तिच्याजवळ श्वास घेणे कठीण व्हावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? शिवरात्रीला दर्शनास येणारा भाविक शिवाला जल वाहतो आणि बाहेर पडून वालधुनीकडे पाहताना नाकाला पदर लावतो. ही स्थिती आपण मुकाट्याने मान्य करावी काय?

तात्पर्य

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. धान्य, कोरडी वाट आणि उताराजोगी नदी या तीन आधारांवर आपल्या हिवाळी जत्रा उभ्या राहिल्या. आज धान्य दुकानातून येते, वाट डांबरी आहे आणि नदीवर पूल आहेत. जत्रेची जुनी कारणे उरली नाहीत. परंतु माणसांनी वर्षातून एकदा एकत्र यावे, हिशेब मिटवावेत, रुसवे काढावेत, नवी नाती जोडावीत ही गरज उरलीच आहे. किंबहुना ज्या गावात शेजारच्या मजल्यावर कोण राहतो हे ठाऊक नसते, तेथे ती अधिक आहे.

म्हणून ग्रामस्थांस नम्र सूचना करावीशी वाटते. जीर्णोद्धार झालेल्या मंदिराचा वार्षिक उत्सव हिवाळ्यातील एका ठरलेल्या तिथीस नेमाने व्हावा. त्याचे आमंत्रण जुन्या घरांबरोबर नव्या इमारतींतील प्रत्येक घरी जावे, मग ते कुटुंब कोणत्याही प्रांताचे वा धर्माचे असो. गावच्या वृद्ध मंडळींकडून जत्रांच्या, वाटांच्या आणि उतारांच्या आठवणी एका वहीत लिहून घ्याव्यात आणि ती वही मंदिरात ठेवावी. आणि उत्सवाच्या आधी एक दिवस सर्वांनी मिळून ओढ्या-नदीच्या काठी जावे, तेथील घाण काढावी, आणि कोणी विष सोडीत असेल तर त्याविरुद्ध एकमुखाने तक्रार करावी. पूर्वी जत्रेला निघण्याआधी वाट नीट करीत असत. आता नदी नीट करणे हीच वाट नीट करणे आहे.

ग्रामदैवताच्या कृपेने आणि सर्वांच्या सहकार्याने हे कार्य तडीस जावो, आणि नव्या कळसाखाली पालेगावची जुनी-नवी माणसे दर हिवाळ्यात एका पंगतीला बसोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.